दिव्यांची खिडकी

रोजगार कार्यालयातल्या बाईने
टेबलावर तीन माहितीपत्रकं मांडली, उताणी,
डाव संपल्यावर पत्ते दाखवतात तशी.
नेटवर्कचं. क्लाउडचं. सुरक्षेचं.
"परीक्षेची फी एकाचीच भरता येईल, व्हेतुरिया.
सोमवारपर्यंत ठरवा."
तिच्या मागच्या काचेतून खाणीचा मनोरा दिसत होता,
वरचं चाक थांबलेलं,
चाकावर एक कावळा, निवांत.

मी विचारलं, "यातलं इथे, या खोऱ्यात राहून
कोणतं चालेल?"
तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं,
पुन्हा काढलं.

रेमुस, माझा भाचा, क्लुजहून फोनवर:
"मावशी, क्लाउड. डोळे मिटून क्लाउड.
वायरीला हात कोण लावतं आता?"
तो ढगांत राहतो, चौथ्या मजल्यावर,
भाडं अर्ध्या पगाराचं.
शेजारची गिझेला म्हणाली, "सुरक्षेचं घे गं.
खाणी संपतात. चोर संपत नाहीत."
हे मात्र मला पटलं होतं,
रविवार दुपारपर्यंत.

मग रात्री नेटवर्कचं पुस्तक उघडलं,
ग्रंथालयाचं, कुणीतरी कॉफी सांडलेलं.
सात थर, म्हणे. सगळ्यात खाली तार,
सगळ्यात वर माणूस.
थर मला कुणी शिकवायला नको.
आमच्याकडे तिसरा सगळ्यात जाडा,
त्यानेच या गावाला भाकरी घातली
आणि खोकलाही.

पान एकोणनव्वद.
नवं यंत्र दाराशी येतं, हाक मारतं,
मला पत्ता द्या.
कुणीतरी यादी बघून मोकळा क्रमांक देतं,
ठरावीक वेळेपुरता.
वेळ संपली की क्रमांक परत.
मी स्वयंपाकघरात एकटी मोठ्याने हसले.
अहो, हे तर मी बावीस वर्षं केलंय!

सहाशे चाळीस खिळे भिंतीवर.
खिडकीतून हात यायचा, पितळी बिल्ला ठेवायचा,
मी त्याच क्रमांकाचा दिवा द्यायचे,
बिल्ला रिकाम्या खिळ्यावर.
"नोरोक बून," तो म्हणायचा. "नोरोक बून," मी.
पाळी सुटली की दिवा परत, बिल्ला परत.
चेहरे मी कमी बघितले, हात जास्त.
भिंतीकडे एक नजर टाकली की कळायचं
खाली कितीजण आहेत.

एका फेब्रुवारीत दोनशे चौदा खिळ्यावरच राहिला.
चार वाजले. सहा वाजले.
पुस्तक म्हणतं, उत्तर आलं नाही तर
थोडं थांबून पुन्हा हाक मारावी,
मग क्रमांक दुसऱ्याला द्यावा.
आम्ही तो कुणालाच दिला नाही.
एवढा एक फरक.

तीन वर्षांनी प्रमाणपत्र शिळं होतं म्हणे,
पुन्हा परीक्षा, पुन्हा फी.
चव्वेचाळिसाव्या वर्षी तीन वर्षं
म्हणजे बरीच लांबची गोष्ट.
शिवाय इस्पितळातला दोरेल,
तळघरातल्या त्या लुकलुकत्या कपाटाचा धनी,
पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतोय.
त्याच्या जागी ते कुणाला तरी घेतील.
कदाचित. कदाचित क्लुजचा पोरगा येईल.

सोमवारी मी नेटवर्कचं पत्रक पुढे सरकवलं.
बाई म्हणाली, "मागणी क्लाउडला जास्त आहे.
माझ्याकडे आकडे आहेत."
म्हटलं, "आकडे माझ्याकडेही आहेत."
अर्जात रकाना होता, पूर्वीचा व्यवसाय.
मी लिहिलं, दिवे देणे.
तिने खोडून लिहिलं, भांडारपाल.
असो.

चाळीस लेईंची पक्कड आणली बाजारातून.
केबलचं साल सोललं की आत आठ तारा,
लोकरीसारख्या जोडीजोडीने पीळ घातलेल्या:
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी...
पहिलं टोक चुकलं. दुसरंही.
तिसऱ्याला बोट कापलं.
चौथं तपासयंत्रात घातलं,
दिवा बंद केला, नीट दिसावं म्हणून.

एक. दोन. तीन. चार.
सवयीने ओठ हलत होते.
पाच. सहा. सात.
जरा थांबला,
आठ.

सगळे वर आले.